बायॉप्सी रिपोर्टातली न वाचलेली ओळ

तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याची बायॉप्सी झाली की घरचे रिपोर्टात एकच गोष्ट शोधतात: कॅन्सर आहे की नाही. डॉक्टर पुढचा शब्द बघतात: डिस्प्लेशिया, म्हणजे कॅन्सरकडे झुकणारा पेशींचा बिघाड, आहे का, असला तर सौम्य, मध्यम की तीव्र. त्याच परिच्छेदात, बहुतेक वेळा शेवटी, आणखी एक ओळ असते. एपिथेलियमच्या, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराच्या, खाली क्रॉनिक इन्फ्लमेटरी (रेंगाळलेल्या दाहाच्या) पेशींचा भरणा, आणि पुढे ‘थोडा’, ‘मध्यम’ किंवा ‘दाट’. ही ओळ कुणी वाचत नाही. लिहिणारा पॅथॉलॉजिस्टही ती सवयीनं टाकतो, पत्राच्या शेवटी ‘कळावे’ लिहावं तशी.

या ओळीतल्या पेशी म्हणजे त्या चट्ट्यावर शरीरानं बसवलेला पहारा. पहारेकरी किती आहेत हे त्या ओळीतून कळतं. कोण आहेत, जागे आहेत की झोपलेत, हे मात्र कळत नाही, आणि चट्टा पुढं कुठल्या वाटेनं जाणार याचा बराचसा संबंध नेमका त्याच्याशी असतो.

कोल्हापूर जिल्ह्यात हा विषय पुस्तकी नाही. निपाणीचा तंबाखूचा पट्टा तासाभराच्या अंतरावर. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोळवून केलेला मावा टपरीवर मागितला की मिळतो. गावाकडं तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावणाऱ्या बायका अजून आहेत, आणि त्या स्वतःला तंबाखूवाल्यांत धरतच नाहीत. ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं तर ‘छे’ असं उत्तर येतं. ‘मिश्री दिवसातून किती वेळा लावता, मावशी?’ असं विचारलं की ‘दोनदा, आणि जेवल्यावर जरा’ हे बाहेर येतं.

आधी आकडे, म्हणजे भीती जागेवर बसेल. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला ढोबळ हिशोब असा, की ल्युकोप्लाकियाच्या, म्हणजे पुसून न निघणाऱ्या आणि दुसरं कारण न सापडणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याच्या, शंभर रुग्णांत दहाच्या आसपास लोकांना पुढं कॅन्सर होतो. सुपारीनं तोंड आखडतं त्या सबम्युकस फायब्रोसिसमध्ये हेच प्रमाण चार-पाच. लायकेन प्लेनसमध्ये, म्हणजे पहाऱ्यानंच अस्तरावर उठवलेल्या दाहाच्या चट्ट्यांत, एक-दीड. मखमली लाल चट्टा, एरिथ्रोप्लाकिया, यात साधारण तिघांत एक. आणि प्रोलिफरेटिव्ह व्हेरुकस ल्युकोप्लाकिया नावाचा एक चिवट प्रकार आहे, काढला तरी परत येणारा आणि हिरड्यांवरून पसरत जाणारा, त्यात जवळपास निम्मे. पांढऱ्यापेक्षा लाल वाईट, एवढं तरी प्रत्येकानं लक्षात ठेवावं.

म्हणजे ल्युकोप्लाकियाच्या शंभरातल्या नव्वद जणांचा चट्टा कॅन्सरकडे जात नाही. हे नव्वद कोण आणि ते दहा कोण, एवढाच खरा प्रश्न आहे. डिस्प्लेशियाची श्रेणी हे आजही आपलं मुख्य हत्यार, पण ते बोथट आहे. एकच स्लाइड दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टनी बघितली तर एक ‘सौम्य’ म्हणतो, दुसरा ‘मध्यम’. डिस्प्लेशिया अजिबात नसलेला चट्टाही कधी कधी उलटतो आणि तीव्र डिस्प्लेशिया वर्षानुवर्षं तिथंच बसून राहतो. म्हणून नजर त्या न वाचलेल्या ओळीकडे वळली.

स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की वर एपिथेलियमचा गुलाबी थर दिसतो, खाली बोटांसारखा संयोजी ऊतीत उतरलेला. त्या बोटांच्या मधल्या जागेत गडद जांभळे गोल ठिपके दिसतात. हे लिम्फोसाइट, पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. लाल रक्तपेशीहून जेमतेम मोठे, जवळजवळ सगळं केंद्रकच, भोवती फिकट कडेची रेघ. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगकामात, म्हणजे एच अँड ई मध्ये, यातला एकही दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येत नाही. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या अगदी वरच्या पायरीवरून हौदाकडं बघावं तसं आहे हे. लाल मातीत माणसं दिसतात, पण लढणारा कोण, पंच कोण आणि नुसताच लंगोट लावून उभा कोण, हे तिथून सांगता येत नाही.

ओळखायचं तर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावी लागते. बायॉप्सीचा तुकडा मेणात बसवलेला असतो त्याच ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीचे आणखी काप घ्यायचे, प्रत्येकावर एकेका प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी लावायची, आणि जिथं ती चिकटली तिथं तपकिरी रंग उमटवायचा. सीडी८ लावली की मारक टी पेशी तपकिरी होतात. बिघडलेली पेशी थेट मारणारे लढवय्ये हेच. फॉक्सपी३ लावली की नियामक टी पेशी दिसतात, लढाई थांबवणारे पंच. यांचं काम चांगलंच आहे, नाहीतर शरीर स्वतःवरच तुटून पडेल. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळालं ते याच पेशींच्या शोधासाठी. पण चट्ट्याखाली पंच जास्त झाले की कुस्ती सुरूच होत नाही. सीडी६८ सगळे मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या मोठ्या पेशी, दाखवते. सीडी१६३ त्यातले ‘दुरुस्ती खात्यातले’ दाखवते, जे जखम भरतात, नवीन रक्तवाहिन्यांना हात देतात आणि मारक पेशींना थंड करतात. सीडी१ए ही लँगरहान्स पेशींची खूण. एपिथेलियमच्या आत फांद्या पसरून बसलेले हे खबरे. पॉल लँगरहान्स यांनी १८६८ मध्ये, अजून विद्यार्थी असताना, ते त्वचेत पहिल्यांदा पाहिले आणि चेतापेशी समजले.

राहिली पीडी-एल१. ही पेशी नव्हे, हा पेशीच्या अंगावरचा एक हात. मारक टी पेशीवर पीडी-१ नावाचं बटण असतं. तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत ते १९९२ मध्ये सापडलं आणि २०१८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा याच कामाचा. समोरच्या पेशीनं आपला पीडी-एल१ या बटणावर ठेवला की मारक पेशी थांबते. चट्ट्यातल्या बिघडलेल्या पेशी हीच युक्ती शिकतात. गंमत म्हणजे त्यांना ती शिकवतो लढवय्याच. मारक पेशी लढताना इंटरफेरॉन-गॅमा हा संदेश-रेणू सोडते आणि त्याच्याच चाहुलीनं समोरची पेशी पीडी-एल१ वर काढते. त्यामुळे पीडी-एल१ दिसला म्हणजे लगेच वाईट, असं सरसकट म्हणता येत नाही. तिथं लढाई झाली होती, एवढं नक्की.

आतापर्यंतच्या अभ्यासांतून दिसणारा कल असा आहे. ज्या चट्ट्याखाली सीडी८ पेशी भरपूर आहेत आणि त्या बेसमेंट मेंब्रेन, म्हणजे अस्तराच्या तळाचा पातळ पडदा, ओलांडून एपिथेलियममध्ये शिरल्यात, तो बहुधा आटोक्यात राहतो. जिथं सीडी१६३ वाले मॅक्रोफेज आणि पीडी-एल१ दोन्ही चढलेत, तिथं धोका वाढतो. जागा महत्त्वाची आहे. खालच्या थरात शंभर सीडी८ पेशी अडकून पडल्या असतील आणि एपिथेलियममध्ये दोनच पोचल्या असतील, तर रिपोर्टात ‘दाट भरणा’ येईल आणि आपण उगाच निर्धास्त होऊ. कर्करोगशास्त्रात या सगळ्या प्रवासाला तीन टप्पे मानतात: सफाया, बरोबरी आणि निसटणं. वर्षानुवर्षं तसाच राहिलेला ल्युकोप्लाकिया म्हणजे बरोबरीत अडकलेली कुस्ती.

लायकेन प्लेनस हा या गोष्टीला लागलेला फाटा. तिथं टी पेशींची एपिथेलियमला चिकटून पट्ट्यासारखी दाट रांग असते आणि त्यातल्या सीडी८ पेशी तळाच्या पेशींना मारतही असतात. मग कॅन्सरचा धोका शून्य हवा. तसा नसतो. सतत मारामारी चालली की सतत नवीन पेशी बनवाव्या लागतात, आणि दाहातून निघणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू त्या पेशींच्या डीएनएला ओरखडे काढत राहतात. पहारा हवा, पण रोजची दंगल नको. म्हणूनच दुखणाऱ्या, सालपट निघालेल्या लायकेन प्लेनसला स्टेरॉइडची पेस्ट लावून शांत करतात आणि पांढऱ्या जाळीदार, न दुखणाऱ्या प्रकाराला हात न लावता नुसतं बघत राहतात.

सबम्युकस फायब्रोसिसची गत निराळी, आणि आपल्याकडं तीच जास्त. पहिली तक्रार बहुतेकांची एकच: तिखट झोंबायला लागलं. तांबडा रस्सा सोडून पांढऱ्यावर आलेला पंचविशीतला पोरगा दिसला तर त्याच्या खिशात काय आहे ते आधी विचारावं. सुपारीतलं अरेकोलिन कोलॅजन बनवणाऱ्या पेशींना चेतवतं आणि सुपारीतलं तांबं लायसिल ऑक्सिडेज या विकराला बळ देतं. ते विकर कोलॅजनचे धागे एकमेकांत असे गुंफतं की ते सहजी विरघळत नाहीत. या सगळ्याच्या मध्यभागी टीजीएफ-बीटा नावाचा संदेशवाहक असतो. आता हा टीजीएफ-बीटा दुसरंही एक काम करतो: मारक टी पेशींना दडपतो आणि नियामक टी पेशी वाढवतो. म्हणजे ज्या रेणूनं गाल कडक होतो त्यानंच पहाराही ढिला होतो. सुरुवातीच्या बायॉप्सीत दाहपेशी भरपूर दिसतात. पुढच्या टप्प्यात नुसतं गुलाबी, काचेसारखं कोलॅजन, आकसलेल्या रक्तवाहिन्या आणि विरळ पेशी. अशा स्लाइडवर ‘दाह कमी’ असं लिहिलेलं असतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं बरं झालं. तसं नसतं ते. रस्तेच बुजल्यावर गस्त येणार कुठून?

गालात डेक्सामेथासोन आणि हायलुरोनिडेजची इंजेक्शनं घेऊन तोंड काही मिलिमीटर जास्त उघडतं, जळजळ कमी होते. त्यासाठी ती जरूर घ्यावीत. पण त्यांनी कॅन्सरचा धोका उतरतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि इंजेक्शन घेऊन क्लिनिकच्या पायऱ्या उतरताच मावा तोंडात टाकणाऱ्याला तर त्यांचा काडीचाही उपयोग नाही. सुपारीत तंबाखू नसली तरी ती कॅन्सरकारकच, असं आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच छापून ठेवलंय. ‘नुसती सुपारी खातो’ ही पळवाट तेव्हापासून बंद आहे.

हे सगळं वाचून कुणी लॅबमध्ये जाऊन ‘माझ्या चट्ट्याची सीडी८ करा’ म्हणेल, तर थांबा. ही अजून उपचार ठरवणारी चाचणी नाही. बहुतेक अभ्यास जुने ब्लॉक काढून, मागं वळून केलेले आहेत. किती पेशी म्हणजे ‘जास्त’, याची सगळ्यांनी मान्य केलेली रेषा नाही. एकाच चट्ट्याच्या दोन कोपऱ्यांत आकडा वेगळा येतो. त्यावर खर्च करण्यापेक्षा साधी बायॉप्सी नीट व्हावी याचा आग्रह धरा. ती बिघडली की ती ओळही खोटी पडते आणि श्रेणीही.

बायॉप्सी बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, घाई. चट्ट्याला घासणारी दाताची किंवा कवळीची धारदार कड आधी काढून टाकावी आणि दोन आठवडे थांबून बघावं. नुसत्या घर्षणाचा चट्टा तेवढ्यात विरायला लागतो. बुरशी असेल तर तिचा उपचार आधी. कँडिडाच्या तंतूंभोवती एपिथेलियमच्या वरच्या थरात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी गोळा होतात, खाली लिम्फोसाइट वाढतात, पेशींचे आकारही जरा बिघडतात, आणि सगळं मिळून डिस्प्लेशियाचं सोंग उभं राहतं. मात्र चट्टा लाल असेल, टणक लागत असेल किंवा व्रण तीन आठवड्यांत भरला नसेल तर ही वाट बघण्याची चैन नाही. लगेच बायॉप्सी.

दुसरी, स्टेरॉइड. गालाला लावायची पेस्ट मेडिकलमधून परस्पर आणून महिनाभर लावलेली असते आणि ते कुणी सांगत नाही. पेस्टनं लिम्फोसाइट पांगतात, लायकेन प्लेनसची ती रांग पुसट होते, आणि पॅथॉलॉजिस्ट वेगळंच काहीतरी लिहून मोकळा. निकड नसेल तर पेस्ट दोन-तीन आठवडे बंद ठेवून मग बायॉप्सी, आणि काहीही झालं तरी फॉर्मवर ‘पेस्ट लावली होती, अमुक दिवस’ असं लिहिणं.

तिसरी, जागा. मोठ्या चट्ट्यात सगळीकडं सारखा बिघाड नसतो. पांढऱ्याशुभ्र, जाड भागातून तुकडा घेतला की बऱ्याचदा नुसतं केराटिन, म्हणजे वरचा निर्जीव जाड थर, येतं. घ्यायचा तो लालसर, गाठाळ किंवा खरबरीत झालेल्या भागातून. टोल्युइडिन ब्लू एक टक्का लावून, ॲसेटिक ॲसिडनं धुऊन, जिथं निळा रंग टिकतो तो भाग निवडायला मदत होते. पण व्रण आणि दाहही निळे होतात, हे विसरू नये. चट्टा मोठा असेल तर दोन-तीन जागांचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत.

चौथी, हात. भुलीचं इंजेक्शन चट्ट्यातच दिलं की ऊतीत पाणी भरतं आणि पेशी एकमेकींपासून लांब गेलेल्या दिसतात. ते बाजूला, सेंटिमीटरभर अंतरावर द्यावं. पाच-सहा मिलिमीटरचं गोल पातं (बायॉप्सी पंच) पुरतं, पण खालची संयोजी ऊत आली पाहिजे. आपली ओळ तिथंच तर लिहिलेली असते. नुसता वरचा पापुद्रा आला तर तिच्याबद्दल काहीच बोलता येत नाही, आणि कॅन्सर खाली शिरलाय का हेही नाही. चिमट्यानं दाबून धरलं की लिम्फोसाइट सगळ्यांत आधी चिरडतात, जांभळ्या शाईचे ओघळ उरतात. तुकडा कागदाच्या तुकड्यावर संयोजी ऊत खाली करून मिनिटभर सपाट ठेवावा आणि मग कागदासकट फॉर्मलिनमध्ये सोडावा. नाहीतर तो गुंडाळतो आणि काप तिरका जातो. तिरक्या कापात एपिथेलियमची बोटं बेटांसारखी दिसतात, आणि बेटं दिसली की कॅन्सरची शंका.

पाचवी, बाटली. दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, तुकड्याच्या किमान दहापट. सलाइनमध्ये पाठवलेला तुकडा वाटेतच सडायला लागतो, स्पिरिटमध्ये पाठवलेला आकसून कडक होतो. गारगोटी किंवा चंदगडहून बसनं लॅबला पाठवायचा असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. एवढ्याशा तुकड्याला फॉर्मलिनमध्ये दिवसभर पुरतं. आठवडाभर तसाच ठेवला तर पुढं कधी अँटिबॉडी लावायची वेळ आली की ती नीट चिकटत नाही.

‘चाकू लावला की पसरतं’ ही समजूत अजून गावोगाव आहे. पसरण्याचं कारण उशीर असतं, आणि हीच समजूत तो उशीर करवते.

आता औषधांचं. पहारा जागा करायचा तर पीडी-१ च्या बटणावरचा हात काढायचा, ही कल्पना मोठ्या कॅन्सरमध्ये चालली. मग चट्ट्यावरच का नाही? बोस्टनच्या डाना-फार्बर संस्थेतल्या डॉक्टरांनी जास्त धोक्याच्या ल्युकोप्लाकियाच्या ३३ रुग्णांना निव्होलुमॅब या पीडी-१ अडवणाऱ्या औषधाचे चार डोस, महिन्याला एक, असे दिले. निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १२ जणांत चट्ट्यानं प्रतिसाद दिला. पण पुढच्या देखरेखीत ९ जणांना कॅन्सर झालाच. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे औषधानं किती जण वाचले हे या आकड्यांवरून मोजता येत नाही. दिशा दाखवणारा प्रयोग, इतपतच. शिवाय ही औषधं थायरॉइड, आतडी, फुप्फुसं यांच्यावर उलटू शकतात, आणि काही रुग्णांच्या तोंडात तर लायकेन प्लेनससारखेच चट्टे उठवतात. जी दंगल शांत करायला एकीकडे पेस्ट लावायची, तीच दुसरीकडे पेटते.

कोरोनानंतर ‘इम्युनिटी वाढवणारी’ चूर्णं, काढे आणि गोळ्या यांना जो ऊत आलाय, तो तोंडातल्या चट्ट्यांपर्यंतही पोचलाय. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकी नव्हे, पाणी भरलं की पातळी वर. कुठली वाढवणार? सीडी८ की फॉक्सपी३? चूर्णाच्या डबीवर ते लिहिलेलं नसतं. व्हिटॅमिन ए आणि त्याच्या भावंडांनी काही चट्टे लहान होतात, औषध थांबवलं की परततात, आणि कॅन्सर टळतो असं चाचण्यांत दिसलेलं नाही. पैसे वाचवायचे असतील तर इथं वाचवा.

तंबाखू आणि सुपारी सुटली की काय होतं, हे त्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. तंबाखूनं आलेले बरेच पांढरे चट्टे, विशेषतः जिथं बार ठेवला जातो तिथलेच, सोडल्यावर काही आठवड्यांत फिके पडतात. कित्येक पूर्ण जातात. सबम्युकस फायब्रोसिसचं आखडलेलं तोंड मात्र सुपारी सोडली तरी आपोआप मोकळं होत नाही, फक्त पुढं आखडायचं थांबू शकतं. मोजायला साधं माप: स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक दातांमध्ये मावतात का. मावत नसतील तर दाखवा. तिशीच्या पुढच्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, आणि डेंटल कॉलेजमध्ये ओरल पॅथॉलॉजीचा स्वतंत्र विभाग असतो, जिथं या स्लाइड रोज बघणारी माणसं बसतात.

बायॉप्सीनंतर सौम्य डिस्प्लेशियाला साधारण सहा महिन्यांनी आणि मध्यम-तीव्र असेल तर चट्टा काढल्यावरही तीन महिन्यांनी दाखवत राहायचं. दरवेळी त्याच प्रकाशात, शेजारी पट्टी धरून फोटो. चट्टा दिसेनासा झाला तरी तारखा चुकवायच्या नाहीत.

आणि लॅबमधून रिपोर्टाबरोबर पॅराफिनचा ब्लॉक मागून घ्या. बोटाच्या पेराएवढा मेणाचा तुकडा, प्लॅस्टिकच्या कॅसेटवर बसवलेला, त्यावर नंबर. लॅब काही वर्षं ठेवते, मग टाकून देते. दुसरी बायॉप्सी करायची वेळ आली तर जुनी आणि नवी शेजारी ठेवून बघता येतात, आणि पुढं सीडी८-फॉक्सपी३ ची रेषा ठरली तर त्याच मेणातून नवा काप काढता येतो. आधीच कापून ठेवलेले कोरे काप मात्र काही महिन्यांत निकामी होतात, त्यामुळे ते घेण्यात अर्थ नाही. ब्लॉक झिपच्या पिशवीत घालून रिपोर्टाच्या फाइलमध्ये, घरातल्या थंड कपाटात. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका. मेण साठ अंशांच्या आतच मऊ होतं.